उसना प्रत्यय आणि स्वरसंवाद : 'गेजे' ह्या ध्वनिमुद्रिकेचा विचार

१

जुन्या वळणाचे नवे गाणे ऐकताना रसिकाच्या मनात दोन परस्परविरोधी शंका उत्पन्न होतात. एक अशी की, हे जर जुनेच आहे तर मूळच का ऐकू नये? दुसरी अशी की, हे जर नवे आहे तर त्याने जुना वेष का धारण करावा? ह्या दोन्ही शंका एकाच वेळी जागृत करणारी आणि, माझ्या मते, त्यांपैकी पहिलीचे पुरते व दुसरीचे अर्धेच उत्तर देणारी एक ध्वनिमुद्रिका प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'आल्तन ग्यून' ह्या अ‍ॅम्स्टरडॅम येथील स्वतंत्र वाद्यवृंदाने २०१९ साली प्रसिद्ध केलेली 'गेजे' ही ती ध्वनिमुद्रिका होय. 'गेजे' ह्या तुर्की शब्दाचा अर्थ रात्र. मुद्रिकेतील गीतांची भाषा तुर्की आहे. त्यांतील बहुतेक गीते आनातोलियाच्या लोकपरंपरेतील अथवा त्या परंपरेत मुरलेल्या कवींची आहेत. आणि त्यांची वाद्ययोजना मात्र १९६० ते १९८० ह्या काळातील सायकेडेलिक पद्धतीची आहे.

'सायकेडेलिक' हा शब्द हम्फ्री ऑस्मंड ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ च्या सुमारास चित्त आणि प्रकट होणे ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडविला. 'चित्तप्रकाशक' असा त्याचा शब्दशः अनुवाद करता येईल. पुढे हा शब्द औषधशास्त्रातून संगीतात आला आणि प्रदीर्घ आवर्तने, सतत वाजत राहणारा आधारस्वर, यंत्राने विकृत केलेला गिटारचा नाद व प्रतिध्वनींचा विपुल वापर ह्या गुणसमुच्चयास तो लावला जाऊ लागला. एखाद्या भाषाभ्यासकाने अशा संगीताविषयी लिहावे ह्यात वाचकांस कदाचित अधिकारातिक्रम वाटेल. परंतु प्रस्तुत मुद्रिकेपुढील मुख्य प्रश्न हा एका व्यवस्थेत दुसऱ्या व्यवस्थेतील घटक येऊन मिळाला असता त्याचे काय होते, हा आहे. आणि हा प्रश्न भाषाशास्त्राच्या नित्य परिचयाचा आहे.

२

पहिल्या शंकेचा विचार करावयाचा तर 'मूळ' म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. तुर्की प्रजासत्ताकाच्या स्थापनेच्याच वर्षी, म्हणजे १९२३ साली, झिया ग्योकाल्प ह्यांनी आपल्या 'तुर्कवादाची मूलतत्त्वे' ह्या अर्थाच्या ग्रंथात राष्ट्रीय संगीताचे एक सूत्र मांडले. खेड्यांतील लोकगीतांच्या चाली घ्याव्यात, त्यांवर पाश्चात्य स्वरसंहतीचा संस्कार करावा आणि उस्मानी दरबाराचे संगीत परके म्हणून बाजूला ठेवावे, असा त्या सूत्राचा आशय होता. ह्या विचाराला पुढे शासकीय बळ मिळाले. १९३४ साली नभोवाणीवरून अभिजात तुर्की संगीत प्रक्षेपित करण्यास बंदी करण्यात आली व ती १९३६ पर्यंत टिकली. त्याच १९३६ साली बेला बार्तोक ह्यांनी अहमद अदनान सायगुन ह्यांच्यासह आनातोलियात लोकगीतांचे संकलन केले. भाषेच्या क्षेत्रात ह्याच काळात लिपी बदलली (१९२८), भाषामंडळ स्थापन झाले (१९३२) आणि अरबी-फारसी शब्दांच्या उच्चाटनास प्रारंभ झाला. माधव जूलियनांच्या व सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ह्या हालचालीचा स्वभाव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शासनाने जे वरून लादू पाहिले ते तीस वर्षांनंतर तरुणांनी खालून, आणि निराळ्याच हेतूने, साध्य केले. १९६५ साली 'ह्युर्रियेत' ह्या वृत्तपत्राने 'आल्तन मिक्रोफोन' म्हणजे सुवर्ण ध्वनिक्षेपक ही स्पर्धा सुरू केली. गीत तुर्की असावे, परंतु वाद्ये आणि रचनातंत्र पाश्चात्य असावे, असा तिचा संकेत होता. ह्या स्पर्धेमुळे विद्युत् गिटार घेतलेले नगरवासी तरुण खेड्यांतील गीतांकडे वळले. १९६७ साली स्थापन झालेल्या 'मोओल्लार' (म्हणजे 'मंगोल' मंडळी) ह्या वृंदाने ह्या प्रवाहास 'आनातोलियन पॉप' असे नाव दिले. जेम काराजा, बारिश मांचो, एर्किन कोराय आणि सेल्दा बाजान ह्यांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. योगायोग असा की, १९६५ च्याच डिसेंबरात बीटल्स मंडळींच्या एका गीतात सतार ऐकू आली. लंडनचा तरुण पूर्वेचे तंतुवाद्य हाती घेत होता आणि इस्तंबूलचा तरुण आपल्या तंतुवाद्याच्या शेजारी पश्चिमेचे तंतुवाद्य आणून ठेवीत होता. दोघेही एकमेकांच्या दिशेने चालले होते. परंतु लंडनच्या तरुणास ते वाद्य अलंकारासारखे वापरून पुन्हा ठेवून देता येत होते. इस्तंबूलच्या तरुणापुढे स्वतःच्याच गीताचे काय करावयाचे, हा प्रश्न होता.

१९८० च्या लष्करी उठावाने ह्या प्रवाहाचा भर ओसरला. सेल्दा बाजान ह्यांना कारावास सोसावा लागला. जर्मनीत असलेल्या जेम काराजा ह्यांचे नागरिकत्व १९८३ साली काढून घेण्यात आले. ते १९८७ साली मायदेशी परतू शकले. ह्या इतिहासाचे तात्पर्य असे की, ज्यास आज 'मूळ' म्हणून दाखविले जाते ते स्वतःच एक संमिश्र, वादग्रस्त आणि मध्येच खंडित झालेले रूप होते. 'मूळच का ऐकू नये?' ह्या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. खेड्यातील गायकाचे गाणे मूळ म्हणावे, की नभोवाणीच्या समूहगायनातील, की १९७० च्या तबकडीवरील?

३

'आल्तन ग्यून' ह्या वृंदाच्या जन्मकथेत ही संमिश्रता आणखी एक पायरी पुढे जाते. यास्पर फेरहुल्स्ट हे डच वादक याको गार्डनर ह्यांच्या वृंदासमवेत इस्तंबूल येथे गेले असता तेथील जुन्या तबकड्यांनी मोहित झाले आणि परतल्यावर त्यांनी फेसबुकवरून तुर्की गायक-वादकांचा शोध घेतला. त्यातून मेर्वे दाशदेमिर आणि एर्दिंच एजेवित ही दोन गाणारी माणसे त्यांस लाभली. पहिली इस्तंबूलची, प्रौढपणी नेदरलंडमध्ये आलेली. दुसरे नेदरलंडमधील तुर्की कुटुंबात वाढलेले आणि बागलामावादक. उरलेले चौघे तुर्की नव्हेत. १९६४ साली उभय देशांत मजूरभरतीचा करार झाला, तेव्हापासून नेदरलंडमध्ये तुर्की वस्ती वाढत गेली. आज ती चार लाखांच्या वर आहे. म्हणजे ज्या भाषेत ही मुद्रिका गाते ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यावर परकी नाही. ती तेथील घरांत बोलली जाते, परंतु तेथील रंगमंचावर क्वचितच ऐकू येते.

वृंदाचे नाव येथे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तुर्की स्त्रियांत 'आल्तन ग्युन्यू' नावाची एक प्रथा आहे. ठरलेल्या दिवशी मैत्रिणी एकीच्या घरी जमतात, प्रत्येकजण यजमानिणीस सोन्याचे नाणे देते आणि पुढील वेळी दुसरीची पाळी येते. आपल्याकडील भिशीहून ही प्रथा फारशी निराळी नाही. ह्या नावातील अंत्य स्वर हा संबंधदर्शक प्रत्यय आहे. त्यामुळे 'सोन्याचा दिवस', म्हणजे सोने देण्याघेण्याचा दिवस, असा अर्थ होतो. वृंदाने हा प्रत्यय गाळला आहे. प्रत्ययावाचून 'आल्तन ग्यून' म्हणजे 'सोनेरी दिवस', ज्यास आपण सुवर्णकाळ म्हणतो तो.

एका स्वराच्या ह्या अंतरात, माझ्या मते, सर्व पुनरावर्ती संगीताचा वाद सामावलेला आहे. गतकाल हा सुवर्णकाळ मानला तर त्याची मूर्ती करून पूजा करता येते. तिच्यात भर घालता येत नाही. परंतु परंपरा ही भिशी मानली तर प्रत्येक पिढीस आपले नाणे आधी टाकावे लागते आणि मगच तिची घेण्याची पाळी येते. वृंदाने नाव पहिले घेतले आहे. त्याने काम कोणते केले, हे पाहणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

४

तुर्की भाषेत स्वरसंवाद नावाचा नियम आहे. शब्दाच्या मूळ रूपातील स्वर जिभेच्या पुढच्या भागातून उच्चारला जात असेल तर प्रत्ययातील स्वरही तसाच होतो. तो मागचा असेल तर प्रत्ययही मागे सरतो. 'एव' म्हणजे घर, त्याचे अनेकवचन 'एव्लेर'. 'ओदा' म्हणजे खोली, तिचे अनेकवचन 'ओदालार'. प्रत्यय एकच, परंतु तो ज्याला लागतो त्याचा स्वर घेतो. प्रस्तुत मुद्रिकेतील 'देर्दिमी द्योकेर्सेम' ह्या शीर्षकाचा अर्थ 'मी माझे दुःख ओतले तर' असा आहे. त्यात दुःख, माझे, कर्मदर्शक प्रत्यय, ओतणे, जर आणि मी एवढे घटक दोनच शब्दांत गुंफलेले असून सहाही स्वर पुढच्या वर्गातील आहेत. आपल्या लिपीत ह्यांतील एका स्वराला चिन्हच नसल्याने तो येथे ओबडधोबड लिहावा लागला. कानाला मात्र ते शीर्षक एका सलग द्रवासारखे लागते. 'देर्त' हा शब्द म्हणजे आपला 'दर्द'. तुर्की भाषेत 'देर्तली' म्हणजे दुःखी. मराठीत 'दर्दी' म्हणजे गाणे जाणणारा. हा अर्थविस्तार आपल्या भाषेने संगीताविषयी केलेले एक सूक्ष्म भाष्यच आहे.

ह्याहून महत्त्वाचे उदाहरण 'एर्वाह-इ एझेल्दे' ह्या गीताचे आहे. आशिक सुम्मानी ह्या कवीच्या नावे ते प्रसिद्ध आहे. 'एर्वाह' (आत्मे) आणि 'एझेल' (अनादिकाल) हे दोन्ही शब्द अरबी, आणि त्यांस जोडणारा 'इ' हा फारसी संबंधदर्शक. 'दिवाण-इ-आम' ह्यात आपणांस तो परिचित आहे. तुर्की भाषेत हा उसना 'इ' स्थिर राहत नाही. 'एर्वाह' ह्या शब्दातील अंत्य स्वर मागचा असल्यामुळे तोही मागे सरतो आणि आपल्या लिपीत न दाखविता येणारा एक निराळा स्वर होतो. म्हणजे शब्द परका, जोडणारा दुवा परका. तथापि सारे उच्चारण तुर्की. मराठीतही उसना शब्द खऱ्या अर्थाने आपला झाला, असे आपण केव्हा म्हणतो? 'टेबल' हा शब्द 'टेबलावर' असे सामान्यरूप घेतो तेव्हा. तोपर्यंत तो पाहुणा असतो.

प्रस्तुत मुद्रिकेचे मूल्यमापन ह्याच कसोटीने करावे, असे मी सुचवितो. येथे मूळ धातू म्हणजे गीताची चाल; गिटार, संश्लेषक, ढोल आणि मंद्र गिटार हे उसने प्रत्यय. हे प्रत्यय चालीचा स्वर घेतात काय? बव्हंशी घेतात, आणि मुद्रिकेचे यश त्यातच आहे. ग्योकाल्प ह्यांच्या सूत्रानुसार चालीखाली पाश्चात्य स्वरसंहती मांडावयास हवी होती. तसे केले असता चाल ही स्वरसंहतीची दासी होते. हा अनुभव भारतीय चित्रपटसंगीतातही आपण घेतला आहे. 'आल्तन ग्यून' हा मार्ग सहसा टाळतो. बागलामा, संश्लेषक आणि कंठ हे पुष्कळदा एकच चाल सोबतीने म्हणतात. मंद्र गिटार एका छोट्या आकृतीचे आवर्तन करीत राहते. आणि भर पडतो तो नादाच्या पोताचा. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथात लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले आहेत. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे चालीच्या पातळीवर संवाद आणि नादगुणाच्या पातळीवर विरोध साधलेला असून दोहोंचा समतोल आवर्तनाने राखला आहे. पहिल्या शंकेचे उत्तर येथे मिळते. मूळच का ऐकू नये, तर ह्या गीतांत मूळ म्हणजे एखादी तबकडी नसून एक धातू आहे. आणि धातू प्रत्ययावाचून वाक्यात उभा राहत नाही.

हे विशेषतः 'लेयला' आणि 'वाय द्युन्या' ह्या गीतांविषयी सांगता येते. ही नेशेत एर्ताश (१९३८-२०१२) ह्यांची गीते. किरशेहिर प्रांतातील फिरस्त्या गायकांच्या परंपरेत ते वाढले आणि आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी जर्मनीत काढली. तुर्की लोककवी शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालतात. अभंगाच्या अभ्यासकास ही रीत नवी नाही. एर्ताश ह्यांची मुद्रा 'गारिप' अशी होती. हा आपला 'गरीब' शब्द. अरबीत त्याचा अर्थ परदेशस्थ, परका, तुर्की भाषेत एकाकी, केविलवाणा, मराठीत निर्धन. एका शब्दाच्या ह्या तीन मुक्कामांत स्थलांतरिताची सारी कहाणी सांगून होते. परदेशी राहिलेल्या ह्या 'गारिपा'चे गाणे परदेशी जन्मलेल्या मुलाने अ‍ॅम्स्टरडॅम येथे गावे, ह्यात पूर्वकालाची हौस आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते त्या गाण्याचे पुढील मुक्काम आहे.

५

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. येथे मला तीन आक्षेप नोंदवावयाचे आहेत.

पहिला आक्षेप स्वरस्थानांविषयी. 'बागलामा' हे नाव बांधणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे, कारण ह्या वाद्याचे पडदे दोऱ्याने बांधलेले व सरकविता येण्याजोगे असतात. पडद्यास तुर्की भाषेतही 'पेर्दे' असेच म्हणतात. सप्तकात साधारणपणे सतरा पडदे असतात. म्हणजे पाश्चात्य वाद्याच्या बारा स्वरांत न बसणारी स्थाने त्यावर उपलब्ध असतात. संश्लेषकाच्या बारा पट्ट्यांबरोबर हे वाद्य एकच चाल वाजवू लागले की कोणीतरी कोणाचा तरी मान राखावा लागतो. मुद्रिकेत हा मान पुष्कळदा बागलामाने राखल्यासारखा वाटतो. मी वर मांडलेला नियम येथे उलटतो : प्रत्ययाने धातूचा स्वर घेण्याऐवजी धातू प्रत्ययाकडे झुकतो. कंठ मात्र बहुधा झुकत नाही, आणि म्हणूनच ह्या मुद्रिकेतील सर्वांत जिवंत क्षण कंठाचे आहेत.

दुसरा आक्षेप निवडीविषयी. तुर्की लोकगीतांचे दोन ढोबळ वर्ग मानले जातात : तालबद्ध 'किरिक हवा' आणि तालमुक्त 'उझुन हवा', म्हणजे लांब चाल. एर्ताश ज्या परंपरेतले, तिचा मानबिंदू असलेला 'बोझलाक' हा दुसऱ्या वर्गात मोडतो. ढोलाच्या अखंड आवर्तनावर तो बसविता येत नाही. मुद्रिकेचा भर साहजिकच तालबद्ध गीतांवर आहे. हा दोष नव्हे, मर्यादा होय. परंतु श्रोत्याने तिला संपूर्ण परंपरा समजू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मी काहीशा संकोचाने मांडतो. १९७० च्या दशकातील आवाजात एक प्रकारची जोखीम होती. ज्या ध्वनीसाठी सेल्दा तुरुंगात गेल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्या शब्दांसाठी गेल्या; तथापि तो ध्वनी आणि ते शब्द एकाच काळाची अपत्ये होती. आज गिटारच्या त्याच विकृत नादास कोणी भीत नाही. भाषा न कळणाऱ्या श्रोतृवृंदापुढे दुःखाचे गीत नृत्याचे निमित्त होते. लोकगीत हे मुळातच दुःखावर नाचणारे असते, असे ह्यावर कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. परंतु शब्द कळून नाचणे आणि न कळून नाचणे ह्यांत फरक आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी सांगितले पाहिजे. नव्याने जुना वेष का धारण करावा, ह्या शंकेला मुद्रिका 'तो सुंदर आहे म्हणून' एवढेच उत्तर देते. सुंदर असणे हे लहान कारण नव्हे. पण ते अर्धे उत्तर आहे.

६

ह्या मुद्रिकेस २०२० च्या ग्रॅमी पारितोषिकासाठी जागतिक संगीताच्या विभागात नामनिर्देशन मिळाले. 'जागतिक संगीत' ह्या वर्गात अ‍ॅम्स्टरडॅमचा वृंद पडावा आणि त्याच शहरातील इंग्रजीतून गाणारा वृंद मात्र त्यात पडू नये, ह्याचे कारण भाषेवाचून दुसरे कोणते असणार? 'गारिप' शब्दाचा अरबी अर्थ अद्याप जुना झालेला नाही. वृंदाने पुढे २०२१ च्या 'योल' ह्या मुद्रिकेत १९८० च्या दशकातील संश्लेषकाचा नाद आपलासा केला आणि २०२३ च्या 'आश्क' मध्ये पुन्हा जुन्या पद्धतीच्या एकत्रित ध्वनिमुद्रणाकडे तो वळला. २०२४ साली मेर्वे दाशदेमिर ह्या वृंदातून बाहेर पडल्या. ह्या येरझारांवरून दिसते की, कोणता काळ सुवर्णाचा मानावा, ह्याचा निर्णय वृंदाने अद्याप केलेला नाही. आणि हे मला शुभलक्षण वाटते. ज्याने निर्णय केला तो पुजारी होतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या विवेचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्याकडेही लावणी, भारूड आणि ओवी ही नव्या वाद्यमेळात वारंवार आणली जात आहेत, आणि त्यांविषयीची चर्चा बहुधा 'विटंबना' आणि 'पुनरुज्जीवन' ह्या दोन शब्दांवर येऊन अडते. हे दोन्ही शब्द निर्णय सांगतात, कारण सांगत नाहीत. त्यांऐवजी आपण एवढेच विचारावे : आलेल्या प्रत्ययाने धातूचा स्वर घेतला काय? पडदे कोणी सरकविले? आणि घेण्यापूर्वी कोणी आपले नाणे टाकले? 'गेजे' ह्या मुद्रिकेने पहिल्या प्रश्नाला बव्हंशी होकार दिला आहे, दुसऱ्यास टाळले आहे, आणि तिसऱ्यास एका परदेशस्थ मुलाच्या कंठाने उत्तर दिले आहे. तेवढ्यासाठी ती ऐकावी, आणि शक्य तर शब्द समजून घेऊन ऐकावी.